इम्युनॉलॉजी क्लिनिकला जाताना पिशवी नको, एक पान हवं

पत्र: ताई, माझं वय ३६. गेली चार वर्षं मी सारखी आजारी असते. सायनस तर पाचवीलाच पुजलाय, कान दोनदा वाहिला, आणि लागोपाठ दोन वर्षं न्यूमोनिया झाला, दुसऱ्या वेळी तर ॲडमिट होते. छातीच्या डॉक्टरांनी ब्लड टेस्ट केली, त्यात आयजीजी (रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीजचा एक प्रकार) कमी आलं म्हणून त्यांनी इम्युनॉलॉजी क्लिनिकला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या डॉक्टरांकडे, पाठवलंय. तीन आठवड्यांनी अपॉइंटमेंट आहे. घरचे म्हणतात तुझी प्रकृतीच नाजूक, उगाच कशाला एवढ्या मोठ्या डॉक्टरकडे. मला दोन्हीची भीती वाटते, काही निघालं तर काय आणि काहीच नाही निघालं तर काय. फाइली पिशवीभर आहेत, सगळ्या नेऊ का? चालू गोळ्या बंद करायच्या का? बहीण सोबत येते म्हणतेय पण ती माझ्याआधी बोलते. — फाइलींच्या ढिगाखालची

अगं ढिगाखालचे,

आधी त्या पिशवीचं बघू. मी नर्स म्हणून अशा ओपीडीत बरीच वर्षं काढलीयेत आणि रोज बघायचे, पेशंट आत येतो, टेबलावर पिशवी रिकामी करतो, आणि मग डॉक्टर आणि पेशंट दोघं मिळून दहा-पंधरा मिनिटं नुसते कागद उलटत बसतात, कुठला आधीचा कुठला नंतरचा तेच कळत नाही, आणि तोवर वेळ संपत येते. म्हणून तीन आठवड्यांत एकच काम धड कर, आजारपणांचं एक पान तयार कर. फारच झालं तर दीड. बाकी फाइली सोबत ने, पण बॅगेतच राहू दे, मागितलं की काढायचं.

एवढा आग्रह का, तर या डॉक्टरांचं निम्मं निदान तुझ्या हकिकतीतच असतं. प्रतिकारशक्तीचे जन्मजात बिघाड आजवर साडेचारशेहून जास्त सापडलेत, आणि त्यातला कुठला शोधायचा हे ते इन्फेक्शनच्या पॅटर्नवरून ठरवतात. सायनस, कान आणि छाती यांनाच परतपरत बॅक्टेरियाचा त्रास होत असेल तर लक्ष अँटिबॉडीजकडे जातं. खोल गळवं, लिव्हरमधे पू, असं असेल तर जंतू गिळणाऱ्या पेशींकडे. बुरशी आणि व्हायरस पिच्छा सोडत नसतील तर टी सेल्स नावाच्या पांढऱ्या पेशींकडे. म्हणजे कुठे झालं, कशामुळे झालं, किती वेळा, बरं व्हायला किती दिवस लागले आणि हे कुठल्या वयापासून चाललंय, या पाच गोष्टी सांगितल्यास की त्यांना दिशा मिळते. तुझ्यात तर छातीच्या डॉक्टरांनी आयजीजी बघितलंच आहे, म्हणजे ते योग्य रस्त्यावर होते, त्यांना मनातल्या मनात धन्यवाद दे.

आता पान कसं लिहायचं. ‘मागच्या वर्षी न्यूमोनियाने फार हाल झाले, महिनाभर अंथरुणात होते’ असं लिहू नकोस. हाल झालेच असणार गं, पण त्यावरून डॉक्टरांना काही धरता येत नाही. असं लिही: ‘मार्च, गेल्या वर्षी. उजव्या फुफ्फुसात खालच्या बाजूला न्यूमोनिया, एक्स-रेमधे दिसला. ताप ६ दिवस. ५ दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. थुंकीचं कल्चर केलं, रिपोर्ट आहे. खोकला पूर्ण जायला दीड महिना.’ संपलं. एका आजारपणाला तीन-चार ओळी, जुनं वर, नवीन खाली. आणि एक खूण आवर्जून कर, कुठलं इन्फेक्शन तपासणीत सिद्ध झालं होतं आणि कुठलं नुसतं डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं. एक्स-रे, सीटी, कल्चर (म्हणजे लॅबमधे जंतू वाढवून तो कुठला ते ओळखणं) यापैकी काही असेल तर समोर टिक मार, नसेल तर ‘तपासणी नाही’ असं सरळ लिही. सायनस म्हणून घेतलेली निम्मी अँटिबायोटिक्स कधीकधी नुसत्या ॲलर्जीवर किंवा व्हायरल सर्दीवर दिलेली असतात आणि हा फरक डॉक्टरांना फार लागतो.

तारखा आठवत नाहीत म्हणून अडून बसू नकोस. औषधाच्या दुकानाची बिलं, ऑफिसच्या रजेचं रेकॉर्ड, फोनमधले फोटो, कुणाला तरी पाठवलेले ‘आज नाही येत, ताप आहे’ वाले मेसेज, सगळं चाळ, सापडतात तारखा. नाहीच सापडल्या तर ‘साधारण पावसाळ्याच्या आसपास’ चालतं, अंदाजाची तारीख खरी म्हणून ठोकून देऊ नकोस एवढंच. अँटिबायोटिकचं नाव माहीत असेल तर लिही, किती दिवस घेतलं, मधेच बदलावं लागलं का, आणि बंद केल्यावर किती दिवसांनी पुन्हा सुरू झालं तेही लिही, कारण कोर्स संपला की आठवड्याभरात परत तेच, ही गोष्ट रिपोर्टमधे कुठेच छापलेली नसते आणि ती फक्त तुलाच माहीत असते. लहानपणीचंही विचार घरात, शाळेत असताना कान, टॉन्सिल, वारंवार ॲडमिट असं काही होतं का. अँटिबॉडीज कमी असण्याच्या तुझ्यासारख्या प्रकारात बऱ्याच जणांना लहानपण अगदी ठणठणीत गेलेलं असतं आणि विशीत-तिशीत सुरू होतं, म्हणून ‘लहानपणी काही नव्हतं’ हेही उत्तरच आहे, ते लिही.

आणि पानाच्या खाली चार ओळी अशा गोष्टींसाठी ठेव ज्यांचा इन्फेक्शनशी संबंध आहे असं तुला वाटतच नसेल. आठवडेच्या आठवडे जुलाब आणि वजन कमी होणं, तोंडात पांढरा थर, न जाणारे चामखीळ, नागीण, गळ्यात-काखेत वाढलेल्या गाठी, पूर्वी कधी प्लेटलेट्स पडणं, थायरॉइड, सांधे सुजणं, अंगावर कसले तरी चट्टे. लोकांना वाटतं प्रतिकारशक्ती बिघडली म्हणजे फक्त जंतू शिरतात, पण बिघडलेली यंत्रणा बऱ्याचदा स्वतःच्याच शरीरावर उलटते, दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. चट्टे किंवा सूज येऊन जात असेल तर आली त्या दिवशी फोटो काढून ठेव, अपॉइंटमेंटच्या दिवशी हमखास सगळं गुळगुळीत असतं.

कागदांमधे काय पुढे ठेवायचं तर: छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तो आयजीजीचा रिपोर्ट, दोन्ही न्यूमोनियांचे एक्स-रे आणि ॲडमिट होतीस त्याची डिस्चार्ज समरी, कल्चरचे रिपोर्ट, आणि छातीचा किंवा सायनसचा सीटी झाला असेल तर नुसता कागद नाही, इमेजेसची सीडी किंवा लिंक सुद्धा. कारण वारंवार न्यूमोनियाने श्वासनलिका कायमच्या रुंद होतात का ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. बाकी शंभर सीबीसी असतील तर सगळे नको, सर्वांत जुना, सर्वांत ताजा आणि आजारी नसतानाचा एखादा, बास. सीबीसीमधे लोक हिमोग्लोबिन बघतात आणि सोडून देतात, इथे लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा बघतात.

एक गंमत सांगते, घरी बसून करता येण्यासारखी. तुझ्याकडे जुने लिव्हरच्या टेस्टचे रिपोर्ट असतील, त्यात टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतं ते ग्लोब्युलिन, आणि आपल्या अँटिबॉडीज त्याच्यातच मोडतात. समजा चार वर्षांपूर्वी टोटल ७.२ आणि अल्ब्युमिन ४.२ होतं, म्हणजे ग्लोब्युलिन ३, आणि आता टोटल ५.९ आणि अल्ब्युमिन तेवढंच ४.२, म्हणजे उरलं १.७, तर अँटिबॉडीज कधीपासून खाली यायला लागल्या याचा अंदाज डॉक्टरांना त्या जुन्या कागदावरून येऊ शकतो. निदान करायला नाही बसायचं हां यावरून, फक्त असे जुने रिपोर्ट फेकू नकोस, दोन वेगवेगळ्या वर्षांचे सोबत घे. आणि अल्ब्युमिनसुद्धा घसरलेलं दिसलं तर ते आवर्जून दाखव, कारण मग प्रोटीन किडनीतून किंवा आतड्यातून गळत नाहीये ना ते बघावं लागतं.

म्हणजे आयजीजी कमी येणं हे नेहमी जन्मजातच असतं असं नाही. काही औषधांनी कमी होतं, लांबलेल्या स्टिरॉइडने होतं, फिटच्या काही गोळ्यांनी होतं जशी फेनिटोइन, रिटुक्सिमॅबसारख्या इंजेक्शनने होतं, रक्ताच्या काही आजारांत होतं. म्हणून औषधांची यादी अगदी प्रामाणिकपणे कर. नाव, डोस, कधीपासून. दम्याचा पंप, अधूनमधून घेतलेला पाच दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स, त्याची शेवटची तारीख, सगळं. आणि ते इम्युनिटी वाढवायचे पावडरी, काढे, थेंब, मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या, त्यांचेही डबे सोबत ने, लाजू नकोस, डॉक्टरांनी याहून भारी बघितलेलं असतं. लेबल नसलेली पावडर असेल तर विशेष ने, अशा पुड्यांमधे स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं कधीकधी. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर तेही सांग, काही रक्त तपासण्यांचे आकडे त्याने चुकतात.

बंद करायचं का विचारलंस. नाही! स्वतःहून काहीही बंद करायचं नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं, आणि दम्याचा पंप थांबवून क्लिनिकला जाताना दम लागला तर ती अपॉइंटमेंट राहिली बाजूलाच. एकच अपवाद होऊ शकतो, ॲलर्जीची रोजची गोळी. काही क्लिनिकमधे त्याच भेटीत त्वचेवर ॲलर्जीची टेस्ट करतात आणि त्या गोळीने ती टेस्ट दबते, म्हणून काही दिवस आधी थांबवायला सांगतात. पण ते त्यांना फोन करून विचार, किती दिवस ते तेच सांगतील.

दोन गोष्टी मात्र आधीच करून टाकायचा मोह होईल, तो आवर. एक म्हणजे जाण्याआधी लॅबमधून मोठं इम्युनिटी पॅनेल करून घेणं. यातल्या काही टेस्टना जिवंत पेशी लागतात, रक्त ताजं असताना मशीनवर जावं लागतं, म्हणून क्लिनिक स्वतःच्या ठरलेल्या दिवशी आणि वेळी घेतं. बाहेर केलेलं पुन्हा करावं लागतं आणि सुई दोनदा. दुसरी म्हणजे ‘न्यूमोनिया होतोय ना, मग लसच घेऊन टाकते’ असं म्हणून आत्ता लस घेणं. न्यूमोनियाची लस तुला लागेल बहुतेक, पण ती तिथे तपासणीसाठीही वापरतात: आधी अँटिबॉडी मोजतात, लस देतात, साधारण ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा मोजतात, वाढल्या की नाही बघतात. तू आधीच घेऊन गेलीस तर सुरुवातीचा आकडा गेला. तीन आठवडे थांबायला हरकत आहे का ते छातीच्या डॉक्टरांना विचार, आणि याआधी कुठली लस कधी घेतली त्याची नोंद सोबत ने. जिवंत जंतूंच्या लशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर वगैरे, या तर इम्युनॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नकोच.

घराण्याची माहिती हा जरा अवघड भाग. आजी, मावशी, काका कुणाला तरी फोन करावा लागेल. विचार की कुणाला असंच सारखं इन्फेक्शन होतं का, कुणी लहान वयात गेलं का, विशेषतः आईच्या बाजूचे लहान मुलगे, नात्यात लग्नं झालीत का, कुणाला लिम्फोमा, थायरॉइड, ल्युपस असं काही. बऱ्याच घरांत एखादं बाळ गेलेलं असतं आणि त्याचं नावही कुणी काढत नाही, म्हणून उगाच खोदून विचारू नकोस, डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय म्हण, मग माणसं सांगतात.

त्या दिवशी काय होईल? बोलणं बरंच, तपासणं थोडं (गाठी, प्लीहा, घसा, कान, त्वचा, छाती), आणि मग रक्त. बाटल्या जरा जास्तच असतील, बघून घाबरू नकोस. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे अँटिबॉडीजच, त्यांच्या टेस्टला उपाशीपोटी लागत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नसेल तर खाऊन जा, पाणी भरपूर पी, शिर सापडते. आयजीजी, आयजीए, आयजीएम हे अँटिबॉडीजचे प्रकार पुन्हा मोजतील कारण एका कमी आकड्यावर कुणी शिक्का मारत नाही. फ्लो सायटोमेट्री म्हणून टेस्ट असते, त्यात बी सेल, टी सेल वेगवेगळे मोजतात. एचआयव्हीची टेस्टही करतील, सगळ्यांची करतात, त्यात तुझ्यावर संशय वगैरे काही नसतो, उगीच मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या दिवशी निदान हातात पडणार नाही हे आत्ताच धरून चाल, लशीची परीक्षाच महिना-दोन महिने खाते.

आता तुझी ती दोन भीतींची गोष्ट. समजा अँटिबॉडीची कमतरता निघाली. असा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५२ मधे, ऑग्डन ब्रुटन नावाच्या डॉक्टरांनी एका आठ वर्षांच्या मुलात, ज्याला परतपरत गंभीर इन्फेक्शन होत होतं आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच, म्हणजे अँटिबॉडीज असतात तो भागच, नव्हता. त्यांनी ते बाहेरून इंजेक्शनने दिलं आणि मुलगा सुधारला. आजही मूळ उपाय तोच आहे, फक्त खूप सुधारलेला, हजारो दात्यांच्या प्लाझ्मामधून काढलेलं आयजीजी दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून किंवा साधारण दर आठवड्याला कातडीखाली, कातडीखालचं तर बरेच लोक घरीच घेतात. सगळ्यांना ते लागतंही नाही, काहींचं योग्य वेळी अँटिबायोटिक आणि लशींवर भागतं. म्हणजे निघालं तर त्याला काहीतरी करता येतं. माझ्या मते न निघता अजून चार वर्षं असंच कुढत राहणं हे जास्त वाईट.

आणि काहीच नाही निघालं तर? तर तुला वेड्यात काढतील अशी धास्ती आहे ना तुझी. तुझे दोन न्यूमोनिया एक्स-रेमधे आहेत, ते कुणी तुझ्या मनाचे खेळ म्हणू शकत नाही. रिपोर्ट बरे आले तर सरळ विचार, ‘मग इन्फेक्शन का होतायत, पुढे काय बघायचं?’ नाकाचं हाड, ॲलर्जी, श्वासनलिका रुंद झालेल्या, पोटातलं ॲसिड घशात येणं, बरीच कारणं असतात. आणि आयजीजीचा आकडा बरा असूनही लशीला प्रतिसाद येत नाही असंही होतं, म्हणून ‘लशीची टेस्ट झाली का’ हे विचारल्याशिवाय उठू नकोस.

घरच्यांना एवढंच दाखव: जेफ्री मॉडेल फाउंडेशन म्हणून १९८७ पासूनची संस्था आहे, तिने डॉक्टरांनी आणि लोकांनी कधी शंका घ्यावी याची दहा लक्षणं काढलीत. मोठ्या माणसांसाठीच्या यादीत ॲलर्जी नसताना वर्षात दोन किंवा जास्त सायनस, आणि एकाहून जास्त वर्षं दरवर्षी एक न्यूमोनिया, हे दोन्ही आहेत. तुझी दुसरी टिक तर नक्की बसते. ‘प्रकृतीच नाजूक’ म्हणून सोडून द्यायची ही केस नाही, आणि हे त्यांना चिडून नाही, जेवताना सहज सांग.

बहिणीला ने. बोलते म्हणून नको म्हणू नकोस, तिला काम दे. आत जायच्या आधी स्पष्ट सांग की बोलणार मी, तू वही घेऊन बसायचं, डॉक्टर जे सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं, आणि शेवटी माझ्याकडून काही राहिलं असेल तर तेव्हा बोलायचं. ताप चढल्यावर तू बरळत होतीस किंवा ओठ निळे झाले होते असलं काही तिनेच बघितलेलं असेल, ते तुला कुठून माहीत असणार, म्हणून तिची ती पाच मिनिटं खरंच उपयोगी असतात.

तुझे प्रश्नही त्याच पानाच्या मागे लिही, आत गेल्यावर सगळं डोक्यातून उडतं. मला महत्त्वाचे वाटतात ते: हे जन्मजात वाटतंय की औषधाने किंवा दुसऱ्या आजाराने झालेलं, कुठला रिपोर्ट कधी येणार आणि तो मला कोण सांगणार, तोवर ताप आला तर मी किती वाट बघायची आणि कुणाला फोन करायचा, कुठल्या लशी घ्यायच्या कुठल्या नाही, आणि माझ्या भावंडांना-मुलांना तपासायला हवं का. वेळ कमी पडला तर तापाचा प्रश्न आधी विचार.

आणि या तीन आठवड्यांतच पुन्हा इन्फेक्शन झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघत घरी बसायचं नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जा, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी थुंकीचं किंवा जिथून पू येतोय तिथलं कल्चर घेता येईल का विचार, जंतूचं नाव कागदावर आलं तर इम्युनॉलॉजिस्टला ते सोन्यासारखं असतं. पण दम लागतोय, ताप उतरत नाहीये, गुंगी येतेय असं असेल तर कल्चर-बिल्चर सोड, सरळ इमर्जन्सीला जा आणि तिथल्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांग की माझं आयजीजी कमी आहे. त्या रिपोर्टचा फोटो आजच फोनमधे काढून ठेव, बहिणीच्या फोनमधेही.